क्रॉस ट्रेनर घ्यायला निघालात? टेप सोबत घ्या

प्रश्न : मी 54 वर्षांची आहे. उंची 5 फूट 1 इंच, वजन 72 किलो. गुडघ्यांची झीज सुरू झाली आहे, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. चालत राहा, पण धावणं आणि उड्या नकोत, म्हणाले. सपाटीवर अर्धा तास चालू शकते. जिना उतरताना मात्र कळ येते. घरी इलिप्टिकल, म्हणजे क्रॉस ट्रेनर (उभ्याने पेडलवर चालायचं मशिन) घ्यायचं चाललं आहे. यजमानही वापरतील; ते 5 फूट 11 इंच, 94 किलो. खोली 10 बाय 11, छत 9 फुटांवर, मधोमध पंखा. दुकानदाराने दोन मशिनं दाखवली. एक सायकल आणि इलिप्टिकल एकातच, सीट असलेलं, 32 किलोचं, 6 किलो फ्लायव्हीलचं (आतलं जड फिरतं चाक), 100 किलो क्षमतेचं. दुसरं मोठं, ते चाक पुढे असलेलं, 20 इंच स्ट्राइड (पेडलचा पुढेमागे पल्ला), विरोधाच्या 16 लेव्हल, मोठा स्क्रीन. खालच्या मजल्यावर वयस्क जोडपं राहतं, त्यांना आवाजाचा त्रास नको. यातलं कोणतं घेऊ?

उत्तर : सीटवालं घेऊ नका. मोठं लगेच घेऊ नका; आधी टेप लावून मोजा, पंधरा मिनिटं चालवून बघा आणि मग ठरवा. शिवाय तिसरा एक प्रकार, मागे चाक असलेला आणि 18 इंचांच्या आसपास स्ट्राइडचा, दुकानात असेल तर तो काढायला सांगा. तुमच्या दोघांच्या उंचीत 10 इंचांचा फरक आहे, आणि निवडीतली खरी अडचण तीच आहे. लेव्हल किती, स्क्रीन केवढा, हे प्रश्न फार नंतरचे.

सीटवाल्याला नकार का, ते आधी सांगतो. अशा टू-इन-वन मशिनांत सीटवर बसून फिरवायचा आणि उभं राहून चालायचा क्रँक (पेडल फिरवणारा दांडा) एकच असतो. बसून फिरवायचं तर क्रँक लहान लागतो, मग उभ्याने चालताना पाऊलही लहानच पडतं, बहुतेकदा 12 इंचांच्या आगेमागे. पेडल 12 इंच पुढेमागे आणि 9-10 इंच वरखाली जात असेल, तर त्याला लंबवर्तुळ कशाला म्हणायचं? तो जवळजवळ गोल झाला. पाय पुढे सरकण्याऐवजी वर उचलला जातो, गुडघा जास्त वाकतो आणि वाकलेल्या गुडघ्यावर अंगाचा भार येतो. गुडघ्याच्या वाटीमागचा दाब गुडघा जितका वाकेल तितका वाढतो. जिन्यात तुम्हाला कळ येते ती याच स्थितीत. म्हणजे जे टाळायला मशिन घ्यायचं, तेच रोज वीस मिनिटं करायचं!

दुसरी गोष्ट वजनाची. 32 किलोच्या सांगाड्यावर 94 किलोचा माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, तेव्हा मशिन डोलणारच. 100 किलो क्षमता कागदावर पुरेशी वाटते, पण वापरणाऱ्यांपैकी जो सर्वांत जड, त्याच्या वजनावर निदान पाव भाग जास्त धरावा. 94 चे सव्वापट म्हणजे एकशे साडेसतरा, म्हणून 120 किलोच्या खालचं मशिन बघूच नका. मशिनचं स्वतःचं वजनही 50 किलोंच्या वर असलेलं बरं. घरी आणताना ते जड वाटेल, पण वापरताना तोच त्याचा गुण आहे.

आता स्ट्राइड, म्हणजे एकाच पेडलचं सर्वांत पुढचं आणि सर्वांत मागचं टोक यांतलं आडवं अंतर. माहितीपत्रकातला आकडा तेवढ्यावर सोडू नका, कारण काही ठिकाणी पेडलने कापलेला वळणाचा पूर्ण मार्ग मोजून मोठा आकडा छापलेला असतो. दुकानात मोजायला दोन मिनिटं लागतात. एक पेडल हाताने ढकलून सगळ्यात पुढे न्या. त्याच्या टोकाच्या बरोबर खाली जमिनीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. मग तेच पेडल सगळ्यात मागे न्या आणि त्याच टोकाखाली दुसरा तुकडा लावा. दोन तुकड्यांमध्ये टेप धरा. हे करताना त्याच पेडलची जमिनीपासूनची सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी उंचीही लिहून घ्या. तिन्ही आकडे पुढे लागणार आहेत.

ढोबळ हिशेब असा. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाला 14 ते 18 इंच सोयीचं पडतं, पावणेसहा ते सहा फुटांच्या माणसाला 18 ते 20, त्याहून उंच असेल तर 20 च्या वर. तुम्हा दोघांचं जमतं ते 18 वर. यजमानांना ते किंचित आखूड वाटेल, तुम्हाला किंचित लांब, पण दोघांनाही त्रास होणार नाही. 20 इंचांवर तुम्ही चाललात, तर पाय मागे जाताना टाच उचलली जाते, कंबर पुढेमागे ओढली जाते आणि पंधराव्या मिनिटाला पाठीच्या खालच्या भागात ताण जाणवतो. काही मशिनांत स्ट्राइड 16 ते 22 इंचांपर्यंत बदलता येते. असं मशिन आवाक्यात असेल तर तुमच्या घराला ते सर्वांत योग्य. मात्र बदलण्यासाठी दर वेळी पाना घेऊन बसावं लागत नाही ना, हे बघून घ्या. तसं असेल तर पहिल्या आठवड्यानंतर ते कोणी बदलत नाही.

स्ट्राइडइतकाच महत्त्वाचा, पण दुकानात कोणी काढत नाही असा आकडा म्हणजे दोन पेडलांमधलं अंतर. आपण चालतो तेव्हा पावलं एकमेकांच्या जवळून जातात. पेडलांच्या आतल्या कडांमध्ये 6-8 इंचांची फट असेल, तर पाय फाकवून चालावं लागतं. गुडघे आत झुकतात आणि खुब्याच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागतं. दोन-तीन इंचांची फट उत्तम. पेडलवर उभं राहून खाली बघा : गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत दिसला पाहिजे. आत पडलेला दिसत असेल, तर ते मशिन तुमच्यासाठी नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो.

पंख्याचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. बहुतेक जण विसरतात. छत 9 फुटांवर आणि पाती त्याच्या फूटभर खाली धरली, तर मोकळी उंची 8 फूट, म्हणजे 96 इंच. यजमान 71 इंच. पुढे चाक असलेल्या मोठ्या मशिनचं पेडल जमिनीपासून 20 इंच वर जात असेल, तर 71 आणि 20 मिळून 91, त्यावर 6 इंच मोकळीक, झाले 97. पंख्याखाली ते मशिन बसत नाही. पेडल 14 इंचच वर जात असेल तर बेरीज 91 येते, पाच इंच उरतात. प्रत्यक्षात डोकं पेडलइतकं वर जात नाही, कारण वरच्या पायाचा गुडघा वाकलेला असतो. पण फिरत्या पात्याच्या बाबतीत हिशेब सढळच ठेवावा. घाम पुसायला हातही वर जातोच. मशिन पंख्याच्या खालून हलवून भिंतीकडे घ्या, म्हणजे हा प्रश्नच मिटेल. भिंतीकडे घेण्याचं आणखी एक कारण आहे, ते आवाजाच्या वेळी सांगतो.

तळाची जागा मोजताना नुसती मशिनची लांबी-रुंदी धरू नका. पेडल आणि हलते दांडे सांगाड्याच्या बाहेर येतात. चढायच्या बाजूला आणि मागे दोन-दोन फूट मोकळे हवेत. तुमच्या खोलीत 6 फुटी मशिन लांबीच्या बाजूने आरामात बसेल. खोकं मात्र जिन्याच्या वळणातून किंवा लिफ्टमधून जातं का, ते मागवण्याआधी बघा. 60-70 किलोंचं खोकं मधल्या मजल्यावर अडकलं तर उघडून तुकडे तुकडे वर न्यावे लागतात आणि त्यात स्क्रूची पाकिटं हमखास हरवतात.

चाक पुढे की मागे? पुढे चाक असलेल्या बऱ्याच मशिनांत पेडलच्या दांड्यांची मागची टोकं रोलरवर, रुळावरून पुढेमागे धावतात. चाल थोडी चढावर चालल्यासारखी लागते, अंग पुढे झुकतं. रुळावर धूळ बसली की घरघर सुरू होते, आणि महिनोन्महिने मशिन पडून राहिलं तर रोलर एका जागी चपटे होऊन प्रत्येक फेरीला थडथडतात. मागे चाक असलेल्यात चाल सपाट लागते, पाठ सरळ राहते; फक्त जागा थोडी जास्त लागते. तुमचे गुडघे पाहता माझा कौल मागच्या चाकाला. पण हा ढोबळ नियम झाला. पुढे चाक असूनही सपाट चालणारं चांगलं मशिन मिळू शकतं. मघाशी लिहून घेतलेल्या दोन उंच्यांची वजाबाकी करा : 18 इंच लांबीला वरखालीचा फरक 6-8 इंच असेल तर चाल सपाट. तोच 12 च्या पुढे गेला तर चाल जिन्याकडे झुकते, चाक कुठेही असो.

फ्लायव्हीलच्या किलोंवरून दुकानात बरंच बोललं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. चाकात साठणारी ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. सारख्याच व्यासाची दोन चाकं घ्या. एक 10 किलोंचं, पेडलच्या एका फेरीत 6 वेळा फिरणारं; दुसरं 7 किलोंचं, एका फेरीत 10 वेळा फिरणारं. पहिल्याचा हिशेब 10 गुणिले 36, म्हणजे 360. दुसऱ्याचा 7 गुणिले 100, म्हणजे 700. हलकं चाक जवळजवळ दुप्पट ऊर्जा धरून ठेवतं. म्हणून किलो विचारा, पण निकाल पायांवर सोडा. सर्वांत हलक्या लेव्हलवर अगदी सावकाश चाला. पेडल वरून खाली वळताना क्षणभर अडकतं आणि मग सुटतं, असा झटका लागतो का? चाकाची ऊर्जा अपुरी असली की फेरीतल्या त्या जागी पायाला स्वतः जोर लावून पेडल पुढे काढावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याला तो झटका दर मिनिटाला पन्नास वेळा बसतो.

रेझिस्टन्स, म्हणजे पेडलला होणारा विरोध, चुंबकाचाच घ्या. चाकाला घासणाऱ्या पॅडचा नको, तो झिजतो आणि आवाज करतो. साध्या मशिनात नॉब फिरवला की तार ओढली जाते आणि चुंबक चाकाच्या जवळ सरकतो. महागड्यात तेच काम मोटर करते. साध्यात बिघाडाला जागा कमी. लेव्हल 8 की 16 की 32, याला फारसा अर्थ नाही. पहिली पुरेशी हलकी आणि शेवटची यजमानांना धाप लागेल इतकी जड असली की झालं. चुंबकाचा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे शेवटची लेव्हल भरभर चालवूनच तपासा.

दुकानात जाताना रोजचे व्यायामाचे बूट घालून जा आणि दोघंही जा. यजमानांनी सर्वांत जड लेव्हलवर जोरात चालावं. तुम्ही बाजूला उभं राहून मागचे पाय जमिनीवरून उचलले जातात का, मधला खांब हलतो का, ते बघा. मग तुम्ही चढा. पेडल सर्वांत खाली असताना त्याची उंची किती, ते मघाशी लिहिलंय. 8-9 इंचांच्या आत असलं तर चढणं-उतरणं सोपं. हलते दांडे छातीच्या उंचीवर, कोपर किंचित वाकलेलं ठेवून धरता आले पाहिजेत. दांडा पुढे गेल्यावर हात ताठ होऊन खांदा ओढला जात असेल, तर तो उंच माणसासाठी बेतलेला आहे. पंधरा मिनिटं चाललात आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला टोचू लागलं, तर उतरा आणि दुसरं बघा. सवय होईल, असं दुकानदार म्हणेल. धाप कमी होण्याची सवय होते, सांध्याच्या टोचणीची होत नाही.

कन्सोल, म्हणजे समोरच्या स्क्रीनबद्दल थोडक्यात. कॅलरीचा आकडा शोभेचा आहे; कित्येक मशिनं तुमचं वजनही न विचारता तो दाखवतात, आणि बहुधा फुगवून. दांडा धरून मोजलेली हृदयाची नाडी हात हलत असताना भरवशाची नसते. गरजच असेल तर नाडी मोजणारा छातीचा पट्टा घ्या. मशिनवर आयएसओ 20957-9 (इलिप्टिकलसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) असा उल्लेख आणि वर्ग छापलेला असेल, तर एच म्हणजे घरगुती वापर, एस म्हणजे जिमचा. पुढचं अक्षर ए, बी, सी हे अचूकतेचं; सी असेल तर स्क्रीनवरचे आकडे फक्त कालच्याशी आजची तुलना करायला वापरा.

मशिन घरी आलं की जोडणीला दोन माणसं आणि दोन-तीन तास ठेवा. पुढे वर्षभर येणारी करकर बहुतेकदा या तीन तासांतच पेरली जाते. सगळे बोल्ट आधी हाताने, सैलच बसवा. सांगाडा पूर्ण उभा राहिला की मग पान्याने आवळा. एकेक आवळत गेलात तर शेवटची भोकं जुळत नाहीत आणि सांधे ताणलेले राहतात. मधला खांब बसवताना आतून येणारी कन्सोलची वायर चिमटणार नाही याकडे एकाने लक्ष ठेवावं. पेडलच्या दांड्यांवर डावा-उजवा अशी खूण असते ती पाळा : बऱ्याच मशिनांत डाव्या बाजूच्या बोल्टचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळतो. पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. अडलं तर जोर न लावता काढून पुन्हा लावा. एकदा आटे चिरडले की क्रँकच बदलावा लागतो.

आठ-दहा तासांच्या वापरानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, क्रँकचे आधी. फेरीला एकदा 'खट्' असा आवाज आला, तर क्रँक किंवा पेडलचा सांधा सैल आहे. तसंच चालवत राहिलात तर भोक वाढतं आणि मग आवळूनही घट्ट होत नाही. दांडा मागे-पुढे होताना 'कुई' वाजत असेल तर बुश (सांध्यातल्या कड्या) कोरडे पडलेत; पुस्तिकेत सांगितलेलं ग्रीस लावा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे मारू नका, तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो आणि चार दिवसांत आवाज दुप्पट होतो. नॉब फिरवून लेव्हल बदलतच नसेल, तर बहुधा तार खुंटीवरून निसटलेली असते.

चढताना कायम खाली असलेल्या पेडलवर आधी पाय ठेवा, स्थिर दांडा धरून. उतरताना चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबा. बऱ्याच मशिनांत सायकलसारखी मोकळी फिरकी नसते. तुम्ही थांबलात तरी चाक पेडलला ओढत राहतं आणि घाईने उतरणाऱ्याच्या नडगीवर ते बसतं. घरी लहान मूल येत असेल तर चाकाजवळ आणि रुळाजवळ बोटं जाणार नाहीत असं बघा.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस, 6 ते 8 मिनिटं, हलक्या लेव्हलवर, वाक्य न तुटता बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. मग दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. आधी वेळ, लेव्हल नंतर. टाच पेडलला टेकलेली ठेवा. बोटं बधिर झाली तर घाबरू नका; पाऊल एकाच जागी दाबलेलं राहिल्याने ते होतं. बुटाची नाडी एक भोक सैल करा, पाऊल पेडलवर थोडं मागे घ्या. चालताना किंचित दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं, तर हरकत नाही. सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर परत या. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक दगा देऊ लागला, तर मशिन बंद आणि डॉक्टरांकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलेला पल्ला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे. तुमचं रोजचं चालणंही त्यात धरा, सगळा भार मशिनवर नको. मांडीच्या ताकदीसाठी खुर्चीवरून उठबस वेगळी करावी लागेल, ते काम इलिप्टिकल पुरतं करत नाही.

आता खालचं जोडपं. पाय पेडलवरून सुटत नाही, त्यामुळे ट्रेडमिलसारखा धप्प आवाज होत नाही. पण थरथर जमिनीतून खाली जाते. स्लॅब मध्यभागी जास्त लवतो आणि भिंतीजवळ कमी, म्हणून मशिन भिंतीकडे लावा. खाली 8-10 मिलिमीटर जाडीची घट्ट रबरी चटई हवी. मऊ फोमची नको, तिच्यावर मशिन डोलतं. चारही पाय टेकलेत ना, ते कागदाचा तुकडा खाली सारून बघा, आणि सरकत असेल त्या पायाचा स्क्रू फिरवून बसवा. मग पहिल्याच संध्याकाळी यजमानांना जड लेव्हलवर पाच मिनिटं चालायला सांगा आणि तुम्ही खाली जाऊन त्यांच्या झोपायच्या खोलीत उभ्या राहून ऐका.